दोन लाखांचा दावा : मुंबई उपनगरांतील दंगलग्रस्तांच्या भरपाईचा इतिहास

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मधील मुंबईच्या दंगलींत जे मारले गेले किंवा बेपत्ता झाले, त्यांच्या वारसांना महाराष्ट्र सरकारने रोख भरपाई देऊ केली. या भरपाईचा पहिला शासन निर्णय ८ जुलै १९९३ रोजी निघाला आणि तिच्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल ४ नोव्हेंबर २०२२ रोजी लागला. मधल्या एकोणतीस वर्षांत मृतामागे दोन लाख रुपये हा आकडा तसाच राहिला. वाद झाला तो दोन गोष्टींवर : ही रक्कम सरकारची मेहेरबानी की नागरिकाचा हक्क, आणि ती मिळवण्यासाठी लागणारा पुरावा कोणी गोळा करायचा. हे दोन्ही प्रश्न उपनगरांतल्या वस्त्यांमध्ये विशेष तीव्र होते. तिथली घरे पत्र्याची आणि कागदपत्रे तुटपुंजी होती, आणि दंगलीनंतर अनेक कुटुंबे जुन्या पत्त्यावर उरली नव्हती.

दंगल आणि उपनगरे

दंगलीचे दोन टप्पे झाले. अयोध्येतील बाबरी मशीद ६ डिसेंबर १९९२ रोजी पाडली गेली, त्याच दिवशी मुंबईत पहिला टप्पा सुरू झाला आणि १२ डिसेंबरपर्यंत चालला. दुसरा टप्पा ६ ते २० जानेवारी १९९३ असा होता. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या चौकशी आयोगाने दोन्ही टप्प्यांतील मृतांची संख्या ९०० दिली. त्यांत ५७५ मुस्लिम, २७५ हिंदू, ४५ अज्ञात आणि ५ इतर होते. जखमींची संख्या २,०३६ होती. मृत्यूच्या कारणांची आयोगाने केलेली विभागणी भरपाईच्या प्रश्नासाठी महत्त्वाची ठरते : पोलिसांच्या गोळीबारात ३५६, भोसकाभोसकीत ३४७, जाळपोळीत ९१, जमावाच्या मारहाणीत ८०, खासगी गोळीबारात २२ आणि इतर कारणांनी ४. म्हणजे मृतांपैकी दर पाचांत जवळजवळ दोघे सरकारच्याच गोळीने गेले होते.

मुंबई उपनगर जिल्हा त्या वेळी जेमतेम सव्वादोन वर्षांचा होता. १ ऑक्टोबर १९९० रोजी मुंबईचे शहर आणि उपनगर असे दोन जिल्हे झाले. उपनगर जिल्ह्यात अंधेरी, बोरिवली आणि कुर्ला हे तीन तालुके आले. घाटकोपर आणि मुलुंड कुर्ला तालुक्यात पडतात. जिल्हाधिकारी कार्यालय वांद्रे पूर्वेला आहे. पंचनामे करणे, नुकसानीच्या याद्या बनवणे आणि मदतीचे वाटप करणे ही महसूल यंत्रणेची कामे. खेड्यात ही यंत्रणा सातबारा आणि गावनकाशाच्या आधाराने चालते. उपनगरातल्या झोपडपट्टीत मात्र सातबारा जमीनमालकाचा किंवा सरकारचा असतो, राहणाऱ्याचा नसतो. त्यामुळे तिथे रेशनकार्ड, विजेचे बिल आणि १९७६ च्या झोपडी गणनेनंतर दिलेला फोटोपास हेच राहण्याचे पुरावे होते.

दंगलीचा मोठा फटका याच वस्त्यांना बसला. पूर्व उपनगरांत देवनार, गोवंडी, कुर्ला आणि घाटकोपर, तर पश्चिम उपनगरांत वांद्रे पूर्वेचा बेहरामपाडा, जोगेश्वरी आणि मालाडची पठाणवाडी हे भाग होरपळले. जोगेश्वरी पूर्वेला गांधी चाळीतील राधाबाई चाळ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जागेत ८ जानेवारी १९९३ च्या पहाटेपूर्वी एका खोलीला बाहेरून कडी घालून आग लावण्यात आली. त्यात सहा जण जळून मेले, त्यांत एक अपंग मुलगी होती. या घटनेची बातमी पसरल्यावर शहरभर हिंसाचार आणखी भडकला. खटल्यात टाडा न्यायालयाने १९९६ मध्ये आरोपींना शिक्षा सुनावली, पण १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांची सुटका केली. फौजदारी खटल्याचा निकाल काहीही लागो, मृतांच्या वारसांच्या भरपाईवर त्याचा परिणाम होत नाही. मृत्यू दंगलीत झाला एवढे सिद्ध झाले की पुरे, मारेकरी कोण हे सिद्ध व्हावे लागत नाही. या भरपाईचे हे एक मूलभूत तत्त्व आहे.

आधीचा कायदा : रहिवाशांकडून वसुली

दंगलीच्या भरपाईची कल्पना मुंबई इलाख्याला नवी नव्हती, मात्र तिचे जुने रूप वेगळे होते. मुंबई पोलीस कायदा, १९५१ च्या कलम ५१ नुसार बेकायदा जमावाने कोणाचा जीव घेतला, कोणाला गंभीर दुखापत केली किंवा मालमत्तेचे नुकसान केले, तर सरकार तो भाग जाहीर करू शकत असे आणि दंडाधिकारी नुकसानीची रक्कम ठरवून ती त्याच भागातल्या रहिवाशांकडून वसूल करू शकत असे. कलम ५० खाली अशा भागात जादा पोलीस ठेवून त्यांचा खर्चही रहिवाशांवर टाकता येत होता. दंगल ही वस्तीची सामूहिक जबाबदारी आहे, असा ब्रिटिश काळापासून चालत आलेला विचार त्यामागे होता. पैसा सरकारच्या तिजोरीतून जात नव्हता, त्यामुळे सरकारच्या चुकीचा प्रश्नही येत नव्हता.

लाखो लोक एकमेकांना न ओळखता राहतात अशा महानगरात ही पद्धत टिकणे कठीण होते. मारणारे आणि मरणारे एकाच वस्तीतले असतील, किंवा मारणारे बाहेरून आलेले असतील, तर वसुली कोणाकडून करायची याला उत्तर नव्हते. म्हणून व्यवहारात दुसरी वाट रूढ झाली. मोठी दुर्घटना झाली की मंत्रिमंडळ रक्कम जाहीर करते आणि शासन निर्णय काढून जिल्हाधिकाऱ्यांमार्फत ती वाटते. कायद्याच्या दृष्टीने हे सानुग्रह अनुदान असते. ते किती द्यायचे, कोणाला द्यायचे आणि कधी थांबवायचे हे सरकार ठरवते. घेणाऱ्याला नकाराविरुद्ध दाद मागण्याची जागा अरुंद असते.

१९९३ पर्यंत न्यायालये या विचाराला मुरड घालू लागली होती. इंदिरा गांधींच्या हत्येनंतर कोइमतूरमध्ये शिखांची मालमत्ता लुटली गेली, तेव्हा कायदा-सुव्यवस्था राखण्यात सरकार कमी पडल्याचे धरून मद्रास उच्च न्यायालयाने १९८८ मध्ये नुकसानभरपाईचा आदेश दिला. मुंबईची दंगल शमल्यावर दोन महिन्यांनी, मार्च १९९३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातील नीलाबती बेहेरा प्रकरणात कोठडीतल्या मृत्यूबद्दल आईला दीड लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि जगण्याच्या हक्काचे उल्लंघन झाल्यास सरकारने थेट भरपाई द्यावी लागते हे स्पष्ट केले. मुंबईचा शासन निर्णय त्यानंतर साडेतीन महिन्यांनी निघाला, तरी तो सानुग्रह मदतीच्या जुन्या चाकोरीतलाच होता.

जुलै १९९३ चा निर्णय आणि कागदांची वाट

१२ मार्च १९९३ रोजी मुंबईत साखळी बॉम्बस्फोट झाले आणि त्यांत २५७ जण मृत्युमुखी पडले. स्फोटांच्या ठिकाणांत वांद्र्याचे सी रॉक हॉटेल, जुहूचे सेंटॉर आणि विमानतळाजवळचे सेंटॉर ही उपनगरांतली ठिकाणेही होती. ८ जुलै १९९३ च्या शासन निर्णयाने दंगलीतील आणि स्फोटांतील मृतांच्या वारसांना प्रत्येकी दोन लाख रुपये देण्याचे ठरले. मृत व्यक्तीचे वय, कमाई किंवा तिच्यावर अवलंबून असलेल्यांची संख्या यांचा हिशेब केला नाही. मोटार अपघाताच्या दाव्यात हे सगळे मोजले जाते. सरसकट रकमेचा फायदा असा की वाटप लवकर होते आणि कोणाच्या जिवाची किंमत कमी-जास्त ठरत नाही. तोटा असा की पाच पोरांच्या घरचा एकमेव कमावता गेला तरी रक्कम तेवढीच राहते.

रक्कम सरसकट असली तरी ती मिळण्याची वाट सारखी नव्हती. मृत्यू पोलीस ठाण्यात नोंदलेला असावा लागतो. त्यानंतर शवविच्छेदन होते. उपनगरांत ते कूपर, राजावाडी यांसारख्या महापालिका रुग्णालयांत केले जाते. त्या अहवालात मृत्यूचे कारण येते : गोळी, भोसकल्याची जखम किंवा भाजणे. महापालिकेच्या विभाग कार्यालयातून मृत्यूचा दाखला मिळतो. मग वारस कोण हे दाखवावे लागते. बायको, मुले आणि आईवडील यांच्यात एकमत असेल तर प्रतिज्ञापत्रावर भागते, नाहीतर न्यायालयातून दाखला आणावा लागतो. शेवटी धनादेश वटवायला बँकेत खाते हवे. या साखळीतला एक कागद जरी नसला तरी अर्ज अडतो. शवविच्छेदन झालेल्या मृतदेहामागे निदान पहिले तीन कागद आपोआप तयार होतात. म्हणूनच सरकारने पुढे न्यायालयात दिलेल्या माहितीनुसार सर्व ९०० मृतांच्या वारसांपर्यंत भरपाई पोचली.

घर आणि दुकानाच्या नुकसानीची गोष्ट वेगळी. तिथे पुरावा म्हणजे पंचनामा. महसूल कर्मचारी जागेवर जातो, दोन पंच उभे करतो, जागेच्या चारी बाजूंना काय आहे ते लिहितो आणि जळालेल्या वस्तूंची यादी करतो. पक्क्या दुकानात मालाची बिले, विक्रीकराची नोंदणी आणि कधी विम्याची पॉलिसी असे. दंगल-संप यांचे जोखीमसंरक्षण घेतलेल्या दुकानदाराला विमा कंपनीकडे दावा करता येत होता. पत्र्याच्या झोपडीत पंचनाम्याला आधारच नसतो. शिवणयंत्र, स्टोव्ह, पत्र्याची पेटी, पेटीतले रेशनकार्ड आणि शाळेचे दाखले हे सगळे एकाच आगीत जाते. म्हणजे नुकसानीचा पुरावा आणि राहण्याचा पुरावा एकदमच नष्ट होतात. पंचनामा होण्याआधी कुटुंब गावी किंवा नातलगांकडे निघून गेले तर पंचांना सांगायला जागेवर कोणी उरत नाही. जानेवारी १९९३ मध्ये हजारो लोक लांब पल्ल्याच्या गाड्यांनी मुंबई सोडून गेले होते.

बेपत्ता १६८

सर्वांत कठीण प्रश्न बेपत्ता माणसांचा होता. सरकारी नोंदीत त्यांची संख्या १६८ होती. मृतदेह नाही म्हणून शवविच्छेदन नाही, शवविच्छेदन नाही म्हणून मृत्यूचा दाखला नाही, आणि दाखला नाही म्हणून वारस असण्याचाही प्रश्न नाही. पोलीस ठाण्यातली मिसिंगची तक्रार एवढाच कागद घरच्यांच्या हातात होता. भारतीय पुरावा कायदा, १८७२ च्या कलम १०८ नुसार एखादी व्यक्ती सात वर्षे कोणाच्या कानावर आली नाही, तर ती जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसे म्हणणाऱ्यावर जात असे. त्या हिशेबाने जानेवारी १९९३ मध्ये हरवलेल्या माणसाला जानेवारी २००० पूर्वी मृत मानता येत नव्हते. तोपर्यंत त्याची बायको कायद्याने विधवा नव्हती. त्याच्या नावावरची खोली किंवा बँकेतली ठेव तिच्या नावावर करून घेणेही अवघड होते.

२२ जुलै १९९८ रोजी सरकारने दुसरा शासन निर्णय काढला आणि बेपत्ता व्यक्तींच्या वारसांनाही दोन लाख रुपये देण्याचे ठरवले. सात वर्षांची मुदत पुरी होण्याआधीच हा निर्णय झाला, म्हणजे त्या कुटुंबांच्या अडचणीची दखल घेतली गेली. अंमलबजावणी मात्र तोकडी पडली. १६८ पैकी ६० जणांच्या वारसांना पैसे मिळाले. उरलेल्या १०८ जणांच्या बाबतीत सरकारचे म्हणणे असे की वारसांचा ठावठिकाणा लागला नाही किंवा त्यांनी आवश्यक कागदपत्रे सादर केली नाहीत.

ठावठिकाणा न लागण्याची कारणे त्या काळच्या उपनगरांत शोधता येतात. दंगलीनंतर बरीच मुस्लिम कुटुंबे मिश्र वस्त्यांतून उठून मुंब्रा आणि मीरा रोडला गेली. दोन्ही ठिकाणे ठाणे जिल्ह्यात येतात, म्हणजे जिल्हा, तहसील आणि पोलीस आयुक्तालय सगळेच बदलले. हिंदू कुटुंबेही जोगेश्वरीसारख्या भागांत आपल्या समाजाची संख्या अधिक असलेल्या वस्त्यांकडे सरकली. परराज्यांतून एकट्याने आलेल्या मजुरांचे वारस मुळातच दूरच्या गावी होते. १९९३ च्या पत्त्यावर १९९८ नंतर पाठवलेले पत्र अशा कुटुंबांपर्यंत पोचणे अवघडच होते.

आयोगाची भूमिका

श्रीकृष्ण आयोग २५ जानेवारी १९९३ रोजी, म्हणजे दंगल थांबल्यावर लगेचच, चौकशी आयोग कायदा, १९५२ खाली नेमला गेला. मुख्यमंत्री मनोहर जोशी यांच्या सरकारने २३ जानेवारी १९९६ रोजी तो बरखास्त केला आणि त्याच वर्षी मे अखेरीस पुन्हा नेमला. नव्या कार्यकक्षेत मार्च १९९३ मधील बॉम्बस्फोटांचाही समावेश झाला. अहवाल १६ फेब्रुवारी १९९८ रोजी सरकारला सादर झाला आणि ६ ऑगस्ट १९९८ रोजी विधिमंडळात मांडला गेला. आयोगाचे काम पूर्ण होण्याआधीच न्यायमूर्ती एस. एम. दाऊद आणि न्यायमूर्ती होस्बेट सुरेश यांच्या नागरी न्यायाधिकरणाने १९९३ मध्ये आपली स्वतंत्र चौकशी प्रसिद्ध केली होती.

चौकशी आयोगाला कोणाला भरपाई मंजूर करण्याचा अधिकार नसतो, आणि त्याच्या शिफारशी सरकारवर बंधनकारक नसतात. तरीही भरपाईच्या इतिहासात त्याचे दोन परिणाम झाले. मृत-जखमींची पोलीस ठाण्यागणिक नोंद आणि मृत्यूची कारणे एका अधिकृत दस्तऐवजात आली, त्यामुळे पुढच्या सर्व दाव्यांना पक्का आधार मिळाला. शिवाय पोलीस आणि प्रशासन कुठे कमी पडले हे अहवालात तपशिलाने आले. दंगल ही दोन समाजांतली भांडाभांडी आहे, सरकार फक्त मदत करणारे तिसरे आहे, असे म्हणणे त्यानंतर अवघड झाले.

रेल्वेचा रस्ता

उपनगरांतल्या हिंसाचाराच्या भरपाईची दुसरी एक पद्धत रुळांवर घडली, आणि ती हक्काच्या तत्त्वावर उभी आहे. रेल्वे कायदा, १९८९ मध्ये १९९४ साली कलम १२४-अ घालण्यात आले. त्यानुसार गाडीत किंवा स्थानकाच्या आवारात दहशतवादी कृत्य, हिंसक हल्ला, दरोडा, दंगल, गोळीबार किंवा जाळपोळ झाली, तर रेल्वेची चूक असो वा नसो, प्रवाशाला ठरावीक भरपाई द्यावीच लागते. दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणापुढे चालतो. मृत्यूची रक्कम सुरुवातीला दोन लाख होती. नोव्हेंबर १९९७ पासून ती चार लाख आणि १ जानेवारी २०१७ पासून आठ लाख झाली.

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत काही मिनिटांच्या अंतराने सात स्फोट झाले आणि १८० हून अधिक प्रवासी मरण पावले. स्फोटांची ठिकाणे माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली आणि मीरा रोडच्या आसपास होती. मृतांत उपनगरांतून रोज नोकरीला जाणाऱ्यांचा भरणा होता. रेल्वेने मृतामागे पाच लाख आणि राज्य सरकारने एक लाख रुपये जाहीर केले. त्याशिवाय न्यायाधिकरणात कायद्याने ठरलेल्या रकमेचा दावा करता येत होता. या दाव्यातही पुरावा लागतो, तो प्रवासी असल्याचा. तिकीट किंवा पास मृतदेहाजवळ सापडला नाही तर दावे फेटाळले जात. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१८ मध्ये रीना देवी प्रकरणात सांगितले की केवळ तिकीट सापडले नाही म्हणून दावा नाकारता येणार नाही. दावेदाराने प्रतिज्ञापत्र दिले की पुढचे खंडन करण्याची जबाबदारी रेल्वेवर येते.

यातून निघणारी विसंगती ठळक आहे. १९९४ नंतर जोगेश्वरी स्थानकाच्या फलाटावर जमावाने एखाद्या प्रवाशाला मारले तर त्याच्या वारसाला कायद्याने भरपाई मागता येते. स्थानकाच्या पुलावरून उतरून पाचशे पावलांवरच्या चाळीत तोच जमाव त्याला मारतो, तर वारसाला शासन निर्णयाची वाट पाहावी लागते. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक नियम, १९९५ यांनीही असेच ठरावीक रकमांचे कोष्टक घालून दिले आणि शवविच्छेदनानंतर ठरलेला हिस्सा लगेच देण्याची तरतूद केली. दंगलीच्या बळींसाठी असे कोष्टक तेव्हा नव्हते.

दिल्ली आणि जर्मनी

मुंबईच्या आकड्याची तुलना दिल्लीशी करता येते. १९८४ च्या दिल्लीतील शीखविरोधी हिंसाचारात आहुजा समितीच्या नोंदीनुसार २,७३३ जण मारले गेले. तिथे मृतामागे सुरुवातीला दहा हजार, मग वीस हजार रुपये दिले गेले. १९९६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने भजन कौर प्रकरणात, जीव वाचवणे हे सरकारचे कर्तव्य असल्याचे सांगून, व्याजासह साडेतीन लाख रुपये देण्याचा आदेश दिला, आणि तो सर्व मृतांना लागू झाला. २००६ मध्ये केंद्राने आणखी साडेतीन लाखांची भर घातली आणि २०१४ मध्ये पाच लाखांची. मुंबईच्या दंगलग्रस्तांचा आकडा मात्र १९९३ च्या ठिकाणीच राहिला.

पुरावा कोणी आणायचा या प्रश्नावर सर्वांत विस्तृत अनुभव जर्मनीचा आहे. नाझी छळाच्या भरपाईसाठी पश्चिम जर्मनीने १० सप्टेंबर १९५२ रोजी लक्झेंबर्ग येथे इस्राएल आणि ज्यू संघटनांच्या परिषदेशी करार केला. त्यात इस्राएलला तीन अब्ज आणि परिषदेला ४५ कोटी मार्क देण्याचे ठरले. व्यक्तिगत दाव्यांसाठी १९५३ मध्ये संघराज्य भरपाई कायदा आला, १९५६ मध्ये तो नव्याने रचला गेला आणि १९६५ मध्ये अंतिम रूपात आला. स्वातंत्र्य हिरावणे, आरोग्य, शिक्षण-व्यवसाय आणि मालमत्ता असे नुकसानीचे वेगवेगळे प्रकार त्यात होते. आरोग्याच्या निवृत्तिवेतनासाठी छळामुळे कमाईची क्षमता किमान २५ टक्के घटल्याचे दाखवावे लागे. वीस-पंचवीस वर्षांनी हृदयविकार किंवा रात्रीची भीती छळछावणीमुळेच आहे हे सिद्ध करताना म्हातारी माणसे वैद्यकीय तपासण्यांत थकून जात. १९६५ च्या दुरुस्तीने हा भार हलका केला : छळछावणीत किमान एक वर्ष काढले असेल तर तेवढी क्षमता छळामुळेच घटली असे गृहीत धरायचे. कैद्यांच्या नोंदी शोधून दाखले देण्यासाठी बाद आरोलसेन येथे आंतरराष्ट्रीय शोध केंद्र होते, म्हणजे कागद शोधण्याचे काम एका संस्थेने अंगावर घेतले होते. या कायद्यातून पूर्व युरोपातील बहुतेक बळी वगळले गेले. नाझी काळातल्या वेठबिगारांसाठीचा निधी तर २००० साली उभा राहिला आणि २००७ पर्यंत सुमारे १६ लाख ६० हजार लोकांना त्यातून पैसे मिळाले.

मुंबईची दंगल आणि नाझी छळ यांचे आकारमान आणि स्वरूप पूर्णपणे भिन्न आहे. प्रशासनाच्या बाजूने मात्र एक धडा दोन्हीकडे लागू पडतो : ज्याचे सगळे गेले त्याच्याकडूनच सगळ्याचा पुरावा मागितला, तर सर्वांत जास्त गमावलेला माणूसच यादीतून सुटतो.

२००१ ची याचिका आणि २०२२ चा निकाल

श्रीकृष्ण आयोगाच्या शिफारशी अमलात आणाव्यात आणि दंगलग्रस्तांना भरपाई मिळावी यासाठी २००१ मध्ये शकील अहमद यांच्या नावाने सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल झाली. ती एकवीस वर्षे चालली. न्यायमूर्ती संजय किशन कौल, अभय ओक आणि विक्रम नाथ यांच्या पीठाने ४ नोव्हेंबर २०२२ रोजी निकाल दिला.

निकालाचा गाभा असा : दंगलीत रहिवाशांच्या राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ खालील सन्मानाने जगण्याच्या हक्काचा भंग झाला, त्यांच्या हालांच्या मूळ कारणांपैकी एक म्हणजे कायदा-सुव्यवस्था राखण्यातले राज्य सरकारचे अपयश, म्हणून बाधितांना सरकारकडून भरपाई मागण्याचा हक्क आहे. १९९३ मध्ये सानुग्रह म्हणून सुरू झालेली रक्कम अशा रीतीने हक्काच्या खात्यात आली. न्यायालयाने मूळ रक्कम वाढवली नाही, पण बेपत्ता व्यक्तींच्या वारसांना २२ जुलै १९९८ च्या निर्णयानंतरचे सहा महिने सोडून, म्हणजे २२ जानेवारी १९९९ पासून, दरसाल ९ टक्के व्याज देण्याचा आदेश दिला.

हे व्याज किती होते ते हिशेबाने स्पष्ट होते. दोन लाखांवर ९ टक्क्यांनी वर्षाला अठरा हजार रुपये. सरळ व्याजाने जानेवारी १९९९ ते जानेवारी २०२३ या चोवीस वर्षांचे ४ लाख ३२ हजार होतात आणि मुद्दल धरून ६ लाख ३२ हजार. म्हणजे उशिराची रक्कम मूळ भरपाईच्या दुपटीहून अधिक झाली.

दुसरा महत्त्वाचा आदेश १०८ बेपत्ता व्यक्तींबाबत होता. महाराष्ट्र राज्य विधी सेवा प्राधिकरणाच्या सदस्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमायची, तिच्यात किमान उपजिल्हाधिकारी दर्जाचा महसूल अधिकारी आणि किमान सहायक आयुक्त दर्जाचा पोलीस अधिकारी असावा, आणि १०८ जणांच्या वारसांचा शोध घेण्याच्या व कागदपत्रांच्या पूर्ततेच्या कामावर तिने देखरेख करावी, असे ठरले. कागदांअभावी अडलेल्या वारसांना साहाय्य करण्याचे कामही याच यंत्रणेकडे आले.

पुढची व्यवस्था

दरम्यान पुढच्या काळासाठी नियम बदलले. दहशतवादी आणि जातीय हिंसाचारातील नागरी बळींसाठी केंद्राची योजना १ एप्रिल २००८ पासून लागू झाली. तिच्यात मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व यासाठी तीन लाख रुपये होते, ते २०१६ मध्ये पाच लाख झाले. फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३५७-अ आले आणि ३१ डिसेंबर २००९ पासून प्रत्येक राज्याला बळींसाठी भरपाई योजना करणे भाग पडले. आरोपी सापडला नाही किंवा त्याची ओळख पटली नाही तरी बळीला विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येऊ लागला, ही त्या कलमातली मोठी सुधारणा. महाराष्ट्राची बळी भरपाई योजना २०१४ ची आहे. या तरतुदी मागील तारखेपासून लागू नाहीत, त्यामुळे १९९२-९३ च्या कुटुंबांना त्यांचा उपयोग होत नाही. त्यांच्यासाठी आधार आहेत ते १९९३ आणि १९९८ चे दोन शासन निर्णय आणि २०२२ चा निकाल. या निकालानंतर वारसाने आपला पत्ता सरकारला कळवण्याची वाट पाहणे पुरेसे नाही. तो पत्ता शोधून काढणे हे सरकारचे काम ठरले आहे.